परवानगीची घरफोडी

दुसऱ्याच्या घराचे कुलूप किल्लीवाचून उघडतो तो चोर, ही व्याख्या आपण लहानपणापासून मनाशी धरून असतो. आणि दहांपैकी नऊ वेळा ती बरोबरही असते. पण कुलपांच्या इतिहासात अशी काही माणसे भेटतात, की ज्यांनी दुसऱ्याचे कुलूप उघडले, दिवसाढवळ्या उघडले, साक्षीदार बसवून उघडले आणि वर बक्षीसही घेतले. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. उलट, त्यांच्यामुळे पुढची कुलपे अधिक चांगली झाली. आज संगणकाच्या जगात ज्या विद्येला ‘एथिकल हॅकिंग’ असे नाव आहे, तिचे पूर्वज म्हणजे ही माणसे. हॅकिंग म्हणजे संगणकाच्या यंत्रणेत तिच्या कर्त्याने न योजलेल्या वाटेने शिरणे. ‘एथिकल’ म्हणजे नीतीचे. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचे तर सनदशीर.

हल्ली कॉलेजातली मुले या विद्येबद्दल कोणालाही विचारतात, अगदी इतिहासाच्या शिक्षकालासुद्धा. “सर, काहीच येत नाही, तर सुरुवात कुठून करायची?” असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. त्यांना एखाद्या कोर्सचे किंवा हत्याराचे नाव हवे असते. तेही सांगता येईल, आणि शेवटी मी सांगणारही आहे. पण त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इतिहासात आहे, आणि ते अर्धे आधी ऐकलेले बरे. कारण याच अर्ध्यावर माणूस पुढे तज्ज्ञ ठरतो की आरोपी, हे अवलंबून असते.

आपल्या घरापासूनच सुरुवात करू. रायगडाविषयी एक हकीकत सांगतात. गड बांधून पुरा झाल्यावर शिवाजी महाराजांनी सभा भरवली आणि जाहीर केले, की बांधलेल्या दरवाजाखेरीज दुसऱ्या वाटेने, दोर किंवा शिडी न वापरता जो कोणी गड चढून येईल, त्याला मोहरांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. महार समाजातला एक जण पुढे आला, वाट काढीत वर चढला, माथ्यावर निशाण रोवले आणि येऊन महाराजांना मुजरा केला. त्याला बक्षीस मिळाले; आणि ज्या वाटेने तो चढला ती वाट बंद करण्यात आली. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात ही हकीकत नमूद आहे. तिला अस्सल कागदाचा आधार मात्र मागू नये. हिरकणी बुरुजाच्या गोष्टीसारखीच तीही लोकांच्या तोंडून चालत आलेली आहे.

पण लोकांनी ती जपली यातच तिचे मोल आहे. त्या हकीकतीत काय काय घडते ते पाहा. गडाच्या धन्याने स्वतः आव्हान दिले आहे. काय चालेल आणि काय चालणार नाही, दोर नको, शिडी नको, हे आधी सांगितले आहे. चढणाऱ्याने वर जाऊन खजिन्याला हात लावला नाही. फक्त निशाण रोवले, म्हणजे ‘मी इथवर पोचलो’ एवढी खूण ठेवली. मग धन्यासमोर येऊन वाट दाखवून दिली, आणि ती वाट बुजवली गेली. परवानगी, मर्यादा, खूण आणि खबर. संगणकाच्या क्षेत्रातल्या आजच्या सनदशीर करारात याहून वेगळे काही नसते. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला गडाच्या शिल्पकारापेक्षा कड्याची ओळख अधिक असू शकते, हे त्यात मान्य केले आहे, तेही महत्त्वाचे.

आता ज्याचे कागदपत्र उपलब्ध आहेत अशा इतिहासाकडे वळू. १८१७ साली इंग्लंडातल्या पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने जाहीर केले, की स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही उघडणार नाही असे कुलूप जो करील त्याला शंभर पौंड बक्षीस. ते बक्षीस जेरेमाया चब याने मिळवले. १८१८ साली त्याने केलेल्या कुलपात एक गंमत होती. आतली एखादी तरफ कोणी खोट्या किल्लीने जरा जास्त उचलली, की ती तिथेच अडकून बसे. मग खऱ्या किल्लीनेही कुलूप चटकन उघडत नसे, आणि कोणीतरी हात घातला होता हे मालकाला कळे. गोदीजवळच्या तरंगत्या तुरुंगात त्या वेळी एक कैदी होता, धंद्याने कुलूपवाला. त्याच्या हाती हे कुलूप दिले. उघडलेस तर सरकारकडून सुटका आणि चबकडून शंभर पौंड, असा सौदा! बिचाऱ्याने दोन-तीन महिने खटपट केली आणि शेवटी हात टेकले. कुलूप किती पक्के आहे हे ठरवायला कुलूप करणारा पुरत नाही, उघडणारा लागतो, ही समज तेव्हाच आली होती.

त्याच इंग्लंडात पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा यांचे दुकान होते. जोसेफ ब्रामा याने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले होते. दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि त्यावर आव्हान लिहिलेले असे, की हे उघडणारे साधन जो तयार करील त्याला दोनशे गिनी मिळतील. कुलपात अठरा सरकत्या पट्ट्या होत्या. त्या अठराही पट्ट्या एकाच वेळी आपापल्या नेमक्या जागी आल्याखेरीज कुलूप हलत नसे. सुमारे अर्धशतक हे आव्हान खिडकीत तसेच राहिले.

१८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. काचेच्या त्या भव्य महालात आपला कोहिनूरही मांडला होता, आणि त्याच्या रक्षणासाठी चब यांनीच खास पेटी बनवली होती. या प्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. तो न्यूयॉर्कच्या एका कुलूपकंपनीचा माणूस. तेव्हा त्याला स्वतःचा मालही खपवायचा होता, हे विसरू नये. २२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरात, जमलेल्या साक्षीदारांसमोर, त्याने लोखंडी दारावरचे चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले. एवढ्यावर तो थांबला नाही. सात मिनिटांत ते त्याने पुन्हा लावून दाखवले, आणि कुलपाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

मग तो ब्रामांच्या दुकानाकडे वळला. इथे त्याची रीत पाहण्यासारखी आहे. खिडकीतले आव्हान वाचून रात्री काच फोडून तो आत शिरला नाही. रीतसर लिहून कळवले, अटी ठरल्या, तीन पंच नेमले गेले, तीस दिवसांची मुदत मिळाली. कुलूप दोन फळ्यांच्या मध्ये असे बसवले, की त्याला फक्त किल्लीचे भोक दिसावे. २४ जुलैला काम सुरू झाले आणि २३ ऑगस्टला कुलूप उघडले. प्रत्यक्ष काम सोळा दिवसांतले मिळून सुमारे एक्कावन्न तास. नंतर कुलूप स्वतःच्या किल्लीने पूर्वीसारखेच उघडते-लागते ना, याचीही खात्री करून घेण्यात आली. दुकानदारांनी थोडी कुरकूर केली, पण पंचांचा निकाल हॉब्जच्या बाजूने लागला आणि दोनशे गिनी त्याला मिळाल्या.

लंडनमध्ये एकच खळबळ उडाली. बँका, सराफ, गोदामे सगळी ज्या कुलपांच्या भरवशावर रात्री झोपत, ती कुलपे उघडतात म्हणे! काही लोक हॉब्जवरच रागावले. अशा गोष्टी जाहीर करून तुम्ही चोरांना शिकवता, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आजही जसाच्या तसा ऐकू येतो. हॉब्जच्या नावावर १८५३ साली कुलपांविषयी जे पुस्तक निघाले त्यात याचे उत्तर आहे. त्याचा सारांश असा, की चोर आपल्या धंद्यात हुशार असतात. कुलपातली खोट त्यांना आपल्या आधी कळलेली असते. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा भला माणूस. तेव्हा खोट सांगितल्याने चोराचे ज्ञान फारसे वाढत नाही, पण गिऱ्हाईक सावध होते आणि कारागिरावर सुधारणेची जबाबदारी पडते. घडलेही तसेच. ब्रामांनी आणि चब यांनी आपापली कुलपे सुधारली. आणि गंमत म्हणजे हॉब्ज ज्या अमेरिकन कुलपाची जाहिरात करीत होता, तेही पुढे लायनस येल याने उघडून दाखवले! या धंद्यात कोणाचाच गर्व फार दिवस टिकत नाही.

यातूनच निघणारे एक तत्त्व १८८३ साली ऑग्यूस्त केर्कहोफ्स याने गुप्तलेखनाविषयीच्या आपल्या निबंधात मांडले. हा गृहस्थ जन्माने डच, पॅरिसमध्ये भाषा शिकवणारा. म्हणजे आमच्याच मास्तरकीच्या धंद्यातला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की तुमची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना लपवून जो सुरक्षित राहू पाहतो तो फार तर चार दिवस सुरक्षित राहतो. नव्याने शिकणाऱ्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. पुष्कळ यंत्रणा पडतात त्या ‘हे कोणाला कळणार आहे?’ या विचारामुळे.

आता परवानगी न घेता असेच कौशल्य दाखवले तर काय होते, याचे उदाहरण. ते आपल्या रेडिओच्याच बालपणातले आहे. मार्कोनी सांगत असे, की माझे यंत्र ठरावीक लहरीवर जुळवले की दुसऱ्याचा त्यात व्यत्यय येणार नाही. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. दूर कॉर्नवॉलमधल्या पोल्ढू येथून मार्कोनीचा बिनतारी संदेश येणार, आणि श्रोत्यांसमोर तो उमटणार, असा बेत होता. पण वेळ भरण्याच्या जरा आधीच यंत्रावर टिकटिक सुरू झाली. आधी ‘उंदीर, उंदीर’ असा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा आला. मग इटलीहून आलेल्या एका तरुणाने लोकांना कसे फसवले, अशा थाटाचे चेष्टेचे कवन. पाठवणारा होता नेव्हिल मॅस्केलिन, जादूगारांच्या प्रसिद्ध घराण्यातला आणि बिनतारी विद्येचा जाणकार.

फ्लेमिंग संतापले. त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून या प्रकाराला वैज्ञानिक गुंडगिरी ठरवले. मॅस्केलिननेही तिथेच उत्तर दिले, की मार्कोनीचा दावा पोकळ आहे हे लोकांसमोर सिद्ध करायला दुसरा मार्ग नव्हता. दावा पोकळ होता हे खरंच. पण मॅस्केलिनची बाजूही तितकी स्वच्छ नव्हती. समुद्रतारांचा धंदा करणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीसाठी त्याने मार्कोनीचे संदेश पकडण्याचे काम केले होते. याच कंपनीच्या तारेने मुंबईचे इंग्लंडशी दळणवळण चाले. ती तार कॉर्नवॉलच्याच पोर्थकर्नो या किनाऱ्यावर निघे. बिनतारी यशस्वी झाली तर तारवाल्यांचे नुकसान होते. तेव्हा सत्य मॅस्केलिनच्या बाजूने असूनही शंभर वर्षांनंतर आपण त्याच्या हेतूविषयी शंका घेतो, आणि हॉब्जला स्वार्थ असूनही त्याच्याविषयी घेत नाही. हॉब्जने आधी विचारले होते, पंच बसवले होते. मॅस्केलिनने दुसऱ्याचे व्याख्यान उधळले. केवळ खरे बोलण्याने माणूस सनदशीर ठरत नाही, हा या प्रसंगाचा बोध.

विसाव्या शतकाच्या मध्याला संगणक आले. ‘हॅक’ हा शब्द या अर्थाने रुळला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या मंडळातली मुले कल्पक खटपटीला हा शब्द वापरीत. शब्द मुळात कौतुकाचा. पण १९६३ साली तिथल्याच विद्यार्थी वर्तमानपत्रात टेलिफोनच्या तारांशी खोड्या करणाऱ्या ‘हॅकरां’विषयी तक्रार छापून आली. म्हणजे शब्दाला दोन्ही रंग सुरुवातीपासूनच आहेत. पुढे एकाच संगणकावर एका वेळी अनेकांनी काम करण्याची सोय झाली, आणि शेजाऱ्याचा कागद दिसू नये याची काळजी घ्यावी लागली. अमेरिकेच्या हवाई दलापुढे प्रश्न होता, की मल्टिक्स नावाची यंत्रणा गुप्त कामासाठी वापरावी का? पॉल कार्गर आणि रॉजर शेल या दोघांनी ती तपासली आणि १९७४ साली अहवाल दिला. यंत्रणा त्या काळच्या इतरांपेक्षा चांगली होती, तरी त्यांना आत शिरता आले. इतकेच काय, एक चोरदरवाजा ठेवूनही दाखवता आला. हे सारे ज्याचे काम त्याच्याच सांगण्यावरून, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवून. हॉब्जचे पंच इथे अहवालाच्या रूपाने हजर होते.

याच्या उलट गोष्ट १९८८ सालची. २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत जाई. नुकसान करण्याचा बेत नव्हता, असे नंतर सांगण्यात आले. पण प्रोग्रॅमच्या रचनेत एक चूक होती. तो त्याच त्याच संगणकात पुन्हा पुन्हा शिरू लागला आणि संगणक बोजाखाली ठप्प झाले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार संगणकांना याची झळ लागली. १९९० साली न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षांची देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरहून जास्त दंड सुनावला. बुद्धी त्याला कमी नव्हती. तो पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. पण प्रयोग स्वतःच्या अंगणात करायचा तो त्याने साऱ्या गावात केला. याच घटनेनंतर त्या महिन्यात अशा संकटात मदतीला धावणारे ‘सर्ट’ हे पहिले केंद्र कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाले.

१९९३ साली डॅन फार्मर आणि व्हीत्से व्हेनेमा यांनी एक निबंध लिहिला. आपली यंत्रणा सुरक्षित करायची असेल तर आपणच ती चोराच्या नजरेने पाहावी आणि फोडून बघावी, असे त्याचे सांगणे होते. दोन वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी अशी तपासणी करणारा प्रोग्रॅम सर्वांना खुला केला, आणि हॉब्जच्या वेळचीच ओरड पुन्हा झाली. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधल्या चुका दाखवणाऱ्यांना बक्षीस जाहीर केले. पिकॅडिलीच्या खिडकीतले आव्हान पडद्यावर आले, एवढाच फरक. आता कितीतरी कंपन्या अशी बक्षिसे देतात.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याच्या ४३व्या कलमाप्रमाणे, मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे, विषाणू सोडणे यांबद्दल भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त बघत होतो’ हे म्हणणे ४३व्या कलमापुढे टिकत नाही. आणि गरज किती आहे म्हणाल, तर पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण फार जुने नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी तिच्या यंत्रणेत शिरून बनावट कार्डांच्या आधारे देशोदेशीच्या एटीएममधून आणि परदेशी हस्तांतराने मिळून सुमारे चौऱ्याण्णव कोटी रुपये काढून नेले. अशा वेळी चोराच्या आधी तीच वाट शोधणारा आपला माणूस हवा असतो.

तर मग, ज्याला काहीच येत नाही त्याने सुरुवात कुठून करावी? इतिहासाने दाखवलेल्या क्रमानेच करावी.

पहिली पायरी, कुलूप समजून घेण्याची. हॉब्ज आधी कुलपे करणारा कारागीर होता, उघडणारा नंतर झाला. म्हणून पहिले काही महिने फोडाफोडीचे नावसुद्धा काढू नये. लिनक्सवर आज्ञा लिहून काम करायला शिकावे. एक संगणक दुसऱ्याशी बोलतो तो कसा, पत्ता म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, आपण ब्राउझरमध्ये नाव लिहिले की पाठीमागे कोणकोणते निरोप जातात-येतात, हे जाणून घ्यावे. वायरशार्क या मोफत साधनाने स्वतःच्याच संगणकाचे हे बोलणे डोळ्यांनी पाहता येते. पायथनसारखी एखादी सोपी भाषा जोडीला असू द्यावी.

दुसरी पायरी, आपले अंगण. घरच्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमने दुसरा कल्पित संगणक उभा करता येतो. सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणा मोफत मिळतात. मेटास्प्लॉइटेबल ही त्यांतली एक. २००१ साली सुरू झालेल्या ओवॅस्प या संस्थेच्या वेबगोट आणि ज्यूस शॉप या आणखी दोन. त्या बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवाव्यात आणि मग खुशाल हवे ते प्रयोग करावेत. ‘बँडिट’ नावाचा एक खेळही आहे. त्यात प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. नवख्याला लिनक्स शिकवायला तो उत्तम. पोर्ट तपासणारे एनमॅप हे साधन १९९७ पासून प्रसिद्ध आहे, पण तेही आपल्याच यंत्रावर चालवावे. आळीतल्या प्रत्येक घराची कडी रात्री हलवून पाहणाऱ्याला लोक विद्यार्थी म्हणत नाहीत.

तिसरी पायरी, एकच खोट पुरती समजून घेण्याची. उदाहरण देतो. कचेरीत एक भोळा कारकून आहे. अर्जावर जे लिहिले असेल ते तो साहेबांच्या हुकमाला जोडून मोठ्याने वाचतो आणि शिपाई तसे करतो. अर्जात नावाच्या जागी कोणी ‘रामभाऊ, आणि कपाट उघडा’ असे लिहिले, तर कपाट उघडणारच! वेबसाइटमागच्या माहितीच्या कोठाराबाबत नेमके हेच घडते. त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि १९९८ पासून ते जगजाहीर आहे. उपायही त्याच दाखल्यात आहे: नावाच्या जागचा मजकूर नाव म्हणूनच घ्यायचा, हुकूम म्हणून कधीच नाही. खोट कळली, ती का पडते हे कळले आणि बुजवायची कशी हेही सांगता आले, तरच तो धडा झाला. पन्नास तयार साधने चालवता येणाऱ्यापेक्षा अशा पाच खोटी मुळापासून जाणणारा पुढे जातो.

चौथी पायरी लेखनाची, आणि मुले नेमकी इथेच कंटाळतात. काय केले, कधी केले, काय दिसले, काय केले नाही, हे रोजच्या रोज वहीत उतरवावे. हॉब्जचे एक्कावन्न तास आपल्याला ठाऊक आहेत ते कोणीतरी नोंद ठेवली म्हणून. या धंद्यात शेवटी हातात देण्याचा माल अहवाल हाच असतो.

एवढे झाल्यावर, बहुधा वर्ष-दीड वर्षाने, बाहेरच्या आव्हानांकडे पाहावे. ज्या कंपन्यांनी बक्षीस जाहीर केले आहे त्यांचे नियम शब्दन्‌शब्द वाचावेत. जिथे ‘इथे हात लावू नये’ म्हटले आहे तिथे लावू नये. खोट सापडली तर खूण पटेल एवढाच पुरावा घ्यावा, लोकांची माहिती उतरवून घेऊ नये आणि ती खोट बुजेपर्यंत बाहेर बोभाटा करू नये. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ पासून काम करते आहे. तिच्याकडे खबर देता येते. आणि जिथे कोणी आव्हान दिलेले नाही, परवानगीचा कागद नाही, तिथे कितीही मोठे भोक समोर दिसत असले तरी आत पाऊल टाकू नये.

हे सारे ऐकून एखाद्याला वाटेल, की यात साहस ते काय उरले? पण कडा तोच असतो, आणि चढायची मेहनतही तीच. फक्त वर पोचल्यावर खाली मान घालून पळावे लागत नाही. ताठ उभे राहून वाट दाखवता येते. ज्यांना ही विद्या शिकायची आहे त्यांनी जरूर शिकावी. आपल्या बँका, दवाखाने, विजेची केंद्रे, सगळ्यांना अशा हातांची गरज आहे. आणि ज्यांच्या हाती या यंत्रणा आहेत त्यांनीही, कोणी सरळपणे येऊन ‘साहेब, इथे भोक आहे’ असे सांगितले, तर त्याच्यावर डाफरण्याआधी ते भोक पाहावे. सांगणाऱ्याला चोर ठरवले, तर पुढच्या वेळी सांगायला कोणी येणार नाही. चोर तर सांगायला येतच नसतो.